मागची

गल्लीत तिला सगळे 'मागची' म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं तिला, पण लग्न होऊन आल्यापासून ती दिसली ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागेच. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात आणि तोंडाला कुलूप. नव्या बिऱ्हाडातल्या कुणी विचारलं, "या कोण हो?" की लोक सांगायचे, "त्या नाहीत का, गेटवाल्याची मागची."

गेटवाला म्हणजे तिचा नवरा. कारखान्याच्या गेटवर उभं राहून कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, एवढंच त्याचं काम. पण अधिकार माणसाच्या अंगात कसा मुरतो बघा. घरातही तो कायम दारात उभा असल्यासारखाच वागायचा. कोण आलं, कोण गेलं, किती वेळ लागला, कशाला लागला.

तोंडाला कुलूप का, तेही सांगायला हवं. नवी नवरी असताना ती स्कूटरवर मागून बोलायची. ते झाड बघा, ते दुकान नवीन निघालंय वाटतं. पहिल्यांदा बोलली तेव्हा त्याने कचकन ब्रेक मारला. तिचं नाक त्याच्या पाठीवर आपटलं. तिला वाटलं, कुत्रं आडवं आलं असेल. पुन्हा बोलली, पुन्हा ब्रेक. नाकातून रक्त आलं तेव्हा तो वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "हे माझं उत्तर. गाडीवर बोलायचं नाही." त्यानंतर घरात कुणी काही विचारलं आणि त्याचा मूड नसला, की तो नुसता उजव्या हाताची मूठ आवळायचा. ब्रेक दाबल्यासारखी. मुलगाही ते ओळखायला शिकला होता.

स्कूटरवर मात्र त्याचा फार जीव. रविवारी ती बोळात यायची आणि सबंध दिवस तिचे लाड चालायचे. प्लग काढून घासायचा, कार्बोरेटर फुंकायचा, केबलींना तेल सोडायचं. पुसायला फडकी लागायची ती बायकोच्या कपाटातली, धुवट, मऊ. एकदा तिने नवे अभ्रे शिवले होते, त्यांनी गाडीची चाकं पुसली गेली. "सुती कापड ओरखडे पाडत नाही," म्हणाला. बायकोने शेजारी उकिडवं बसून पाने द्यायचे. "तेरा!" म्हटलं की तेरा नंबर. चुकून अकरा दिला की तो पाना फरशीवर आपटायचा, आणि तीच फरशी मग तिनेच घासायची. असं देता देता तिला इंजिनातलं सगळं पाठ झालं. हँडलला हात लावायची मात्र मनाई. "बायकांचा हात लागला की केबल सैल होते," असं त्याचं शास्त्र.

मग तो निवृत्त झाला, आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी दात घासताना खाली बसला तो डावी बाजू लुळी होऊनच उठला. तोंड वाकडं झालं, पण शिव्या सरळच बाहेर पडायच्या. काही शब्द तेवढे तोंडात कालवले जायचे. औषध मागायचं तर 'ऊषद' म्हणायचा. मुलाला कळायचं नाही, डॉक्टरांना कळायचं नाही. मागचीला सगळं कळायचं.

मुलगा म्हणाला, "बाबा, आता ही स्कूटर काढून टाकू. क्लच, गिअर सगळं डाव्या हाताला. तुम्ही काय चालवणार?"

गेटवाल्याने उजवी मूठ आवळली. विषय संपला.

त्याला रोज कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर जायचं होतं. जुने सोबती तिथे बसायचे. त्याने टपरीसमोरच्या चढावाच्या पायथ्याच्या फिटरला बोलावलं आणि गाडीत सुधारणा करून घेतल्या. मागच्या बाजूला दोन जादा चाकं, म्हणजे तोल सांभाळायला नको. दोन वेगळ्या सीटा काढून एकच लांब सीट. फिटरने विचारलं, "काका, सीट कशाला बदलताय?"

"माझा डावा हात मागे बसतो ना, त्याला पुढे सरकता यायला हवं."

फिटर हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मागची त्याच्या पाठीला चिकटून बसायला लागली, त्याच्या डाव्या काखेतून हात घालून क्लच दाबायला आणि गिअर पिरगाळायला. तो उजव्या हाताने रेस द्यायचा, ब्रेक सांभाळायचा आणि हुकूम सोडायचा. "दाब! दोन! सोड... हळू सोड, म्हैस!" गिअर चुकला की ब्रेक, आणि नाक पाठीवर. पण ती शिकली. इतकी, की त्याने तोंड उघडायच्या आधीच इंजिनाच्या आवाजावरून तिचा हात फिरायचा. तो आता तिला 'मागची'ही म्हणेना. 'डाव्या' म्हणायचा. "ए डाव्या, चप्पल दे."

टपरीवरचे सोबती खूश. "गेटवाले, डाव्या हातालाही चहा पाजायचा का?"

"त्याला कशाला? तो नुसता धरायला आहे," गेटवाला म्हणायचा, आणि ती गाडीपाशीच उभी राहायची. तिथून तो चढ दिसायचा. चढाच्या टोकाला पाण्याची टाकी आणि टाकीच्या सावलीत तिच्या ताईचं घर. ताईनेच तिला लहानाचं मोठं केलेलं. गेटवाल्याचं आणि ताईच्या नवऱ्याचं कशावरून तरी बिनसलं होतं, कशावरून ते दोघांनाही आता आठवत नव्हतं, पण जाणंयेणं बंद होतं.

एक दिवस फिटर जादा चाकाचा नट आवळता आवळता म्हणाला, "काकू, टाकीजवळच्या ताई फार आजारी आहेत. म्हणाल्या, तिला एकदा येऊन जायला सांग."

मागचीने त्या दिवशी कित्येक वर्षांत पहिल्यांदा आपणहून विषय काढला. "आपण वर जाऊन येऊ या का?"

"क्लच प्लेटी झिजल्यात. त्या चढावर जळतील."

"मग मी पायी जाते."

"जा की. मला इथे टाकून जा."

तिने चपला घातल्या की तो कॉटवरून खाली सरकायचा. मुद्दाम. एकदा कपाळ फोडून घेतलं, आणि रक्त पुसू देताना म्हणाला, "आता सांग मुलाला, कसा पडलो ते." फोन करावा म्हटलं तर घरातला फोन त्याच्या खिशात. मुलगा कामावरून यायचा तो थकून, आणि बापाशी वाद घालायला तोही तयार नसायचा.

तेव्हा तिने ठरवलं, प्लेटींचंच काय ते बघू. "फिटरला सांगते बदलायला."

"माझ्या इंजिनाला परका हात लागणार नाही."

"मग मी बदलते. तुम्ही सांगा."

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "बदल."

जादा चाकं काढून बोळात जुन्या गादीवर स्कूटर आडवी निजवली. ती गादी मागचीचीच, पण असो. तो कॉटवर, ती फरशीवर. नवीन प्लेटींना कॉर्कचं अस्तर असतं, बसवण्याआधी त्या तेलात चांगल्या मुरवाव्या लागतात. तिने पातेल्यात तेल ओतलं, प्लेटी बुडवल्या. तोवर जुन्या काढायच्या. मधला मोठा नट काही केल्या हलेना. तिने पान्याला पाइप लावला, त्यावर पाय देऊन उभी राहिली, घसरली, गुडघा सोलवटला. कॉटवरून उत्तर आलं, "म्हैस." पण नट सुटला. ती हसलीसुद्धा. मनात म्हणत होती, थांब ताई, येतेच. एवढं बसवलं की आलेच.

मध्येच फोन वाजला. त्याने घेतला, ऐकलं, तोंड फिरवून हळूच दोन शब्द बोलला आणि खिशात ठेवला.

"कुणाचा होता?"

"चुकून लागला. तिकडे लक्ष दे, स्प्रिंग उडेल."

गाडी जोडून झाली. क्लच लोण्यासारखा दबत होता. "आता जाऊ या वर?"

"नवीन प्लेटी आहेत. थोड्या बसू देत. लगेच चढावर घातल्या तर वाया जातील."

तिला ते पटलं. खरंच तसं असतं. गाडीबाबत त्याने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी टपरीकडे फिटर रस्ता ओलांडून तिच्यापाशी आला. "काकू, वाईट झालं हो ताईंचं. सगळे तुमची वाट बघत होते."

"काय झालं ताईचं?"

फिटरचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला... अहो, त्या गेल्या त्याच दिवशी त्यांच्या घरून फोन गेला होता की. काका म्हणाले, तिचे हात तेलात आहेत, येणार नाही."

मागची नवऱ्याचा चहा संपेपर्यंत उभी राहिली, त्याला गाडीवर बसवलं, गिअर टाकत घरी आणलं. कॉटवर टेकवल्यावर विचारलं, "ताई गेली ते सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होणार होतं? गेलेली काय परत येते? इंजिन तेवढं उघडं पडलं असतं."

त्याने मूठसुद्धा आवळली नाही. अगदी खरं ते सांगितलं होतं त्याने.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला नेहमीसारखे कपडे घातले, बाहेर आणलं, आणि सीटच्या मागच्या बाजूला बसवलं. त्याच्याच कातडी पट्ट्याने गाडीला बांधलं.

"हे काय? ए डाव्या! मी मागे?"

ती पुढे बसली. क्लच आणि गिअर तर तिचेच होते. उरला होता उजवा हात, आणि तोल सांभाळायला त्यानेच चाकं लावून ठेवली होती. किक मारली, पहिला टाकला आणि निघाली.

"थांबव! केबल सैल..."

तिने कचकन ब्रेक मारला. त्याचं नाक तिच्या पाठीवर आपटलं.

टपरीवरून जाताना सोबत्यांनी पेले हातात धरून माना वळवल्या. "अरे, बघा बघा, मागची पुढे!" "गेटवाले, गेट कुणाच्या ताब्यात दिलंत?" सगळे खो खो हसले. गेटवाला काहीतरी ओरडला. पुन्हा ब्रेक.

चढ गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये घेतला. प्लेटी छान बसल्या होत्या.

टाकीजवळ ताईचा नवरा दारात उभा होता. त्याने तिला बघितलं, गाडी बघितली, मागे पट्ट्याने बांधलेला साडू बघितला. मागची पायरीपाशी गेली. तो म्हणाला, "निघालं का हातांचं तेल?"

"भावजी, मला माहीतच..."

"शेवटपर्यंत विचारत होती, आली का, आली का. मग फोनवर कळलं, तिच्यापेक्षा स्कूटर जास्त आजारी आहे." आणि त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

ती बंद दारापुढे उभी राहिली. नखांत अजून काळं होतं, कितीही घासलं तरी जात नव्हतं. मग ती वळली आणि गाडीवर येऊन बसली. मागे गेटवाला बांधलेलाच होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

उतारावर तिने गाडी सोडली. अर्ध्या वाटेत त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर आला. त्या हाताने तिला आजवर असं कधी धरलं नव्हतं. कानाजवळ तोंड आणून तो काहीतरी बोलला. "च्यूक..." समोर चौक येत होता. चौक आला म्हणत असेल, नाहीतर चूक झाली म्हणत असेल. त्याच्या तोंडातून आता दोन्ही सारखंच निघायचं. मुलाला कळलं नसतं, डॉक्टरांना कळलं नसतं.

तिला कळलं.

तिने उत्तर दिलं. कचकन.