ओवीची दहीसाखर

वाईहून निघाले त्या सकाळी आईने तळहातावर दहीसाखर ठेवली आणि बजावलं, "जाते म्हणू नये, येते म्हणावं." मी "येते" म्हटलं आणि पुण्यापर्यंत एसटीत रडले. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात घरचं विरजण. हैदराबादच्या दुधाचं दही लागत नसेल, अशी त्या शहाण्या नवरीची समजूत. दहीभात खाल्ल्याशिवाय जिथे कुणी पानावरून उठत नाही, त्या गावाला मी दही शिकवायला निघाले होते. हैदराबादेत काचीगुडा स्टेशनवर उतरेपर्यंत निम्मं विरजण नव्या साडीवर आलं होतं. बरकतपुऱ्यातल्या शेजारच्या अम्मांनी साडी पाहिली आणि काही न विचारता वाटीभर दही आणून दिलं. आमच्याकडे आजवर तेच लागतंय. वाईकरांना मात्र मी अजून सांगते की ते आपल्याच घरचं आहे. आता कळलं तर कळलं.

शालू, तू माझी धाकटी बहीण, म्हणून फोनवर हक्काने विचारलंस, "ओवीला औषध खरंच सुरू केलंत?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून लिहितेय. तुझ्यासाठी, आणि गाव सोडून पांगलेल्या आपल्या सगळ्या पोरींसाठी.

ओवी, माझ्या मुलाची, मिलिंदची लेक, नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते मोजकंच, आणि त्यातलंही लाडकं "नक्को", अस्सल हैदराबादी. बापाच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी मी त्याच्या हातावर दहीसाखर ठेवलेली तिने पाहिली आणि घरात कायदाच झाला. उंबरा ओलांडायचा तर दहीसाखर घेऊन. कचरा टाकायला निघालात, तरी. सिलेंडरवालासुद्धा आता हात पुढे करूनच निघतो.

मग ते सुरू झालं. शेजारी ड्रिल चाललं, मिक्सर लागला, की ती स्वतःचं मनगट चावायची. रक्त येईपर्यंत. थेरपी चालू होती, कानांवर हेडफोन आले, तरी थांबेना. इथल्या कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाचं सुचवलं. मिलिंद तयार, सुनेचं, स्वातीचं, मन होईना, आणि मी साफ विरोधात.

"अगं आई, अगदी थोडं देणार आहेत. विरजणाएवढं," मिलिंद म्हणाला.

"विरजण एवढंसंच असतं रे. दुधाचं दही झालं की दूध परत मिळतं का?"

माझ्या बोलण्यावर मीच खूश झाले. स्वाती ओवीची बाही वर करून मलम लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, दूध-दही राहू द्या. तिचा हात बघा."

बघितला. डॉक्टरीणबाईंकडे मग मीही गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अम्मा, ये ऑटिझम की दवा नहीं है. बच्ची अपने को काट रही, वो कम होना, बस. नींद, भूख पे नजर रखेंगे. नहीं जमा तो आहिस्ता बंद करेंगे."

घरी आल्यावर मी माझी अक्कल पाजळली, "दहीसाखरेतून देऊ, कळणारही नाही."

"तिच्या दह्यात काही घालायचं नाही, आई," स्वाती म्हणाली. "त्या वाटीवर तिचा भरवसा आहे."

डबा मांडीवर घेऊन आलेली ती नवरी माझ्यात अजून तशीच बसलेली होती. औषध मग चित्र दाखवून, सांगून दिलं.

मनगट हळूहळू भरलं. पण पोरगी पेंगायला लागली. एका सकाळी मिलिंद दारात हात पुढे करून उभा, आणि वाटी काही आली नाही. तो रिकामा हात घेऊनच ऑफिसला गेला. मी स्वातीला फोन कर म्हणणार, तर तिच्या हातात फोन होताच. डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली. मग आम्ही वाट बघत राहिलो. निघताना प्रत्येक जण दारात उगाच रेंगाळायचा.

परवा सकाळी मी चपला घातल्या. जायचं कुठेच नव्हतं, या गुडघ्यांनी जाणार तरी कुठे. उंबऱ्याशी हात पुढे करून उभी राहिले. बऱ्याच वेळाने ओवी डोळे चोळत आली. चमचाभर दही, त्याहून जास्त साखर. निम्मं हातावर, निम्मं साडीवर. मनगटावर जुना व्रण होता, नवा नव्हता.

मी म्हटलं, "येते."

तिने माझा पदर घट्ट धरला. "नक्को."

चपला काढल्या. शालू, वाईला यायचं म्हणत होते खरी, पण इतक्यात काही घरून निघणं व्हायचं नाही.