धाकट्याच्या नावावरचा गुन्हा

चारित्र्य पडताळणीचा तो एक अर्ज आठवला की आजही हसू येतं. मी तेव्हा जत भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. नोकरी सोडून आता दोन वर्षं झाली.

अर्जदार मेंढपाळाच्या घरचा, पंचविशीतला. एसटीत चालक म्हणून निवड झालेली, फक्त आमचा दाखला बाकी. संगणकात नाव टाकलं तर चार वर्षांपूर्वीचा खटला निघाला. दारू पिऊन मोटारसायकल चालवली, गुन्हा कबूल, दंड भरला. हा शेरा गेला असता तर नोकरी संपलीच.

मी विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "व्हय मॅडम. मीच पिलो हुतो."

मी शेरा लिहायला घेतला. तेवढ्यात आमचे जुने हवालदार जवळ आले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मी लिहिलेले मराठी जबाब तेच दुरुस्त करत. हळूच म्हणाले, "मॅडम, घाई नको. जत्रंत पिलेल्यांना जीपमधनं घरी पोचवणारा ह्योच. ह्याला बिडीचा वास सोसत न्हाई."

मी जुनी फाइल काढली. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी ओळखीची खूण लिहिली होती: डाव्या करंगळीचं टोक नाही.

"हात टेबलावर ठेव."

दहाही बोटं शाबूत.

"करंगळी परत उगवली काय रं?" हवालदार म्हणाले.

त्याचा बांध फुटला. करंगळी थोरल्या भावाची, चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेलेली. दादानं शाळा सोडून मेंढरं राखली, म्हणून हा शिकला. त्या दिवशी दादा याची गाडी घेऊन गेला होता. गाडीच्या कागदांत याचं लायसन होतं, भाऊभाऊ दिसायला सारखे. आमच्या माणसानं त्यावरचंच नाव उतरवलं, दादा भीतीनं गप्प राहिला आणि कोर्टातही याच्याच नावानं कबुली देऊन दंड भरून आला.

"दारूपायी वैनी म्हायेरी गेली हुती. दादानं शपथ घेतली तवा आली. नंतर त्यो त्येवढा एकदाच घसरला. तिला कळलं तर परत जाईल. माझी नोकरी गेली तर जाऊ द्या."

मी त्याला एक दिवस दिला. म्हटलं, दादाशी बोलून ये.

दुसऱ्या दिवशी दादाच आला, मागे बायको. त्यानं करंगळी पुढे केली. "ह्यो घ्या पुरावा. त्याचं नाव पुसा, माझं लिवा."

बायको म्हणाली, "मला तवाच ठावं हुतं. गाडी ढकलत आलासा तवा अंगाला काय झेंडूचा वास येत हुता?"

"आन् बोलली न्हाईस?"

"लाजंनं चार दीस मेंढरांत झोपलासा. त्येवढी शिक्षा बास हुती."

नोंद पुसण्याचा अधिकार ठाण्याला नसतो. दोघांचे जबाब घेतले, वैद्यकीय कागद जोडला, आमच्या ठाण्याची चूकही लिहिली आणि न्यायालयाला अहवाल पाठवला. काही महिन्यांनी धाकट्याचं नाव नोंदीतून निघालं आणि त्याला स्वच्छ दाखला मिळाला. थोरल्यानं आपल्या नावावर दंड भरला.

नाकारणाऱ्याला आम्ही दहा प्रश्न विचारतो, कबूल करणाऱ्याला एकही नाही. हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. अजूनही कुणी चटकन "चूक माझीच" म्हणालं, की माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.