शेख सरांचं एक वाक्य

शेख सर माणसाला मत विचारताना त्याच्याकडे पाठ फिरवून बसत. नगरच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत आणि निवडणूक आली की पुण्याच्या एका संस्थेसाठी गावोगाव लोकांचा कौल घेत फिरत. प्रश्न विचारायचा आणि रस्त्याकडे तोंड करून विडी ओढत बसायचं, ही त्यांची पद्धत. "तोंडाकडे बघितलं की माणूस आपल्याला आवडेल तेच बोलतो," म्हणायचे. मी त्यांचा विद्यार्थी, चळवळीची पत्रकं लिहिणारा; सोबत जाताना मला सक्त ताकीद होती, "तुझी पत्रकं घरी ठेवून ये. आपण विचारायला जातोय, शिकवायला नाही."

बहात्तरच्या निवडणुकीआधी आम्ही कर्जतकडच्या एका गावी गेलो. दुष्काळी कामावर गाव खडी फोडत होतं. मुकादम आम्हाला चिकटून उभा, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, "सायेबच." साहेब म्हणजे तिथले उमेदवार; मुकादम त्यांचाच माणूस. सरांनी ती सगळी उत्तरं रद्द केली. "तिसरा उभा असला की मत त्याचं असतं."

मग आम्ही माळावरच्या बौद्ध वस्तीवर गेलो. तिथल्या गयाबाईनं सरांची पाठ बघून मला विचारलं, "सर रुसले का काय?" हसून झाल्यावर हळूच म्हणाली, "सायेबाला न्हाई देनार आमी. आमच्यातलं कुनीच न्हाई. पर नाव लिवू नका बरं."

सरांनी नाव लिहिलं नाही. अहवाल पेपरात आला, त्यात माणसाचं एकही नाव नव्हतं, गावाचं होतं. आणि सरांचं एक वाक्य होतं, अभिमानानं लिहिलेलं: गाव वरवर साहेबांच्या बाजूचं, माळावरची वस्ती मात्र पूर्ण विरोधात.

त्याच आठवड्यात वस्तीला कामावरून काढलं. सर मुकादमाकडे धावले. तो शांतपणे म्हणाला, "आमी कुनाला इचारलं का काय? तुमीच लिवलं की पेपरात." कचेरीत सांगितलं, काम संपलं. बाहेर खडी फुटत होती.

वस्तीवर चुली थंड होत्या. सर तोंड उघडायच्या आधीच गयाबाई म्हणाली, "झालं ते झालं. आता कुनाला दिलं की काम परत मिळंल, तेवडं सांगा."

मत कुणाला द्यावं, हे सरांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, "साहेबांना द्या. आणि मुकादमाला ऐकू जाईल असं बोला."

परतीच्या एस.टी.त मी त्यांच्यावर तुटून पडलो. असल्या लोकशाहीला काडी लावा, म्हणालो. सर म्हणाले, "मोजणीआधी आता मतपत्रिका एकत्र मिसळतात. कुठल्या गावानं काय दिलं ते कळू नये म्हणून. मी ती मतं निवडून वेगळी काढली आणि छापली."

साहेब निवडून आले. वस्ती खडीवर परतली. माझ्या पत्रकांत मी मुकादमाला आणि साहेबाला सोलून काढलं, अजूनही काढतो. सरांनी मात्र त्यांना कधी दोष दिला नाही. "ते त्यांचं काम करतात. माझं काम मी बिघडवलं." पुन्हा त्यांनी कौल घेतला नाही. पुढच्या उन्हाळ्यात हृदयविकारानं गेले.

सांगायला मी वस्तीवर गेलो. गयाबाई माळावर शेळ्या राखत होती. ऐकून खालीच बसली. "मानूस लई चांगला हुता," म्हणाली. निघताना मी विचारलं, "गयाबाई, मतदानाच्या दिवशी खरं कोणाला दिलंत?"

माळावर आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. तरी तिनं चहूकडे नजर टाकली आणि लांबवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सायेबाला."