मामांचा हुकूम

आमच्या मामांइतका देवाशी कमी बोलणारा भाविक अख्ख्या लातूर जिल्ह्यात नव्हता. जिल्हा तेव्हा नवाकोरा होता म्हणून असं म्हणतोय असं समजू नका, जुन्या जिल्ह्यातही नव्हता. ना आरती, ना नवस, ना उपास. देवघरासमोर मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचं. याला ते ‘हुकूम घेणं’ म्हणत. बैल विकायचा असो की ज्वारी उदगीरच्या बाजाराला न्यायची असो, हुकमाशिवाय मामांचं पाऊल उचलत नसे. मुलीला बघायला पाहुणे आले, तर त्यांच्यापुढे चहा ठेवून हे आत जाऊन बसले. चहावर साय धरली, पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग मामा बाहेर येऊन फक्त "हाव" म्हणाले. आणि जावई असा निघाला की मामी अजून त्याची दृष्ट काढते! एस्टीचा ड्रायव्हरसुद्धा "मामाला हुकूम आला का?" विचारूनच गाडी हलवायचा.

"मामा, देव म्हणतो तरी काय?" मी एकदा विचारलं.

"काई म्हनत न्हाई. आपली बडबड थांबली की गाळ खाली बसतोय. मग दिसतंय."

नव्या जिल्ह्याचं कौतुक ओसरायच्या आत दुष्काळ पडला. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे मामांचं गाव. गावात पाणी राहिलं ते एकट्या मामांच्या विहिरीत, आणि तेवढ्यावर त्यांची मोसंबीची बाग कशीबशी तगली असती. विहिरीवर इंजिन बसायच्या आधी ती झाडं त्यांनी खांद्यावरून घागरी वाहून वाढवली होती. एके सकाळी गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. मागितलं कुणीच नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

"अवो, गाव आन् बाग दोन्ही भागायचं न्हाई," मामी हळूच म्हणाली.

मामा आत गेले. फार वेळ बसले. बाहेर आले ते इंजिनाचं हँडल काढून मामीच्या हाती देत म्हणाले, "ठिवून दे. हिरीवर रहाट बसवा. बौद्धवाडा, गाव, समद्यांनी आपल्या हातानं शेंदायचं. कुनी कुनाला आडवायचं न्हाई."

दोन-चार जुनी माणसं कुरकुरली. कुणी कुठल्या विहिरीला हात लावायचा, हे तिथं जन्मावरून ठरायचं. मामा म्हणाले, "हुकूम हाय." देवाचंच नाव पुढे केल्यावर भांडणार कुणाशी? पोहऱ्याला पोहरा लागला आणि गाव प्यायलं. माझी छाती आजही फुगते.

बाग मात्र वाळली. झाडं तोडली त्या दिवशी मामा बांधावर बसून ढसाढसा रडले. मी घाबरून विचारलं, "मामा, हुकूम चुकला का?"

"चुकंल कसा? बराबर व्हता म्हून रडू येऊ न्हाई का, लेका?"

त्या जागी त्यांनी पुन्हा झाड लावलं नाही. लोक एस्टीतून नातेवाइकांचे बंगले दाखवतात. मी सोबतच्या माणसाला खिडकीतून ते उघडं रान दाखवतो आणि सांगतो, हे आमच्या मामांचं. दाखवताना मामा शेजारी नसतात, तेवढं वाईट वाटतं.