दार उचलून लावायचं

शेजारचे हवालदार हणमंतराव गेल्याची बातमी मला चौकातल्या फ्लेक्सनं दिली. साताऱ्याला लेकीकडे गेलो होतो, त्यांच्या बायकोचे, वहिनींचे, फोन पिशवीच्या तळाशी वाजून थांबले होते. सांगलीत रिक्षा आमच्या गल्लीकडे वळताना सहज वर पाहिलं, तर हणमंतराव गणवेशात, हसत. खाली शोकाकुल मंडळींचे चेहरे, बहुतेक सगळे त्यांच्यापेक्षा मोठ्या आकारात छापलेले. शोकसभेत जुन्या गाड्यांच्या एका क्लबाचे अध्यक्ष बोलले. त्यांनी हणमंतरावांना 'वारशाचे रक्षक' केलं. त्या वारशाची दारं या रक्षकानं स्वतःच्या हातांनी भंगारात घातली होती, हे सभेत आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक होतं.

वारसा म्हणजे त्यांच्या वडिलांची, आबांची, अँबॅसिडर. आबा लोणंदचे कांदा व्यापारी. ते गेल्यावर जमिनीच्या वाटणीवरून दोघा भावांत बिनसलं. थोरले दादा लोणंदला राहिले, हवालदार फौजेतून निवृत्त होऊन सांगलीत माझ्या शेजारी आले, आणि बोलणं बंद झालं. गाडी लोणंदच्या शेडमध्ये गंजत पडली. मग काही वर्षांनी दादांचा पाहुण्याकडून निरोप आला: गाडी घेऊन जा, नीट कर, पण आबांचं काही बदलू नको. दसऱ्याला येईन. बसायजोगी वाटली तर बसेन.

"मास्तर," हवालदार मला म्हणाले, "दादा गाडीत बसला तर घरात बी येईल. न बसता माघारी गेला, तर मग संपलं सगळं."

गाडी टेम्पोवर लादून आली तेव्हा पुढची दोन्ही दारं तारेनं बांधलेली होती. खालचा पत्रा बोट लावताच बिस्किटासारखा तुटत होता, मडगार्डांची तीच गत. हवालदारांनी बाहेरून नवे भाग मागवले. पेटीवर लिहिलं होतं 'ओरिजिनलसारखे'. पेटी आली त्या सकाळी त्यांनी जुनी दारं आणि मडगार्डं भंगारवाल्याच्या गाड्यावर चढवली, मगच पेटी उघडली. फौजेत जुने बूट जमा केल्याशिवाय नवे मिळत नाहीत. इतक्या वर्षांच्या शिस्तीनं आधी नवे बसवून पाहावेत हा विचार त्यांना शिवलाच नाही.

पेटीतून निघालं ते फक्त लांबून दार दिसत होतं. दोन दिवसांनी पोपट डेंटरनं मडगार्ड बॉनेटला लावलं तर मधून दोन बोटं आत जात होती. भोकं बोल्टांपासून फटकून. पत्रा इतका पातळ की अंगठ्यानं दाबला तर खळगा पडायचा.

"हवालदार, ह्यो डबा हाय गोडेतेलाचा," पोपट म्हणाला. "जुनी दारं द्या, खालनं नवा पत्रा जोडतो. चार दिवसांत काम."

हवालदार रिकामी पेटी घडी करत राहिले. पोपटनं पुन्हा विचारलं. "जमा केली," ते म्हणाले.

"जमा? कुटं जमा?"

आम्ही दोघं स्कूटरवरून भंगाराच्या आवारात गेलो. माल कालच ट्रकनं रवाना झाला होता. परतताना हवालदार मागं बसून एवढंच म्हणाले, "दादाला काय सांगू?"

दसऱ्यापर्यंत गॅरेजात नुसती धुसफूस चालली. पोपट ठोकायचा, पुट्टी भरायचा, हवालदार ती घासून काढायला लावायचे. "पुट्टीखाली लपवायचं न्हाई." "मग काय देवाला कौल लावू?" चालकाच्या बाजूचं दार हवालदारांनी स्वतः घेतलं. बिजागरीखाली पत्र्याचे तुकडे सारत, काढत, कानस मारत ते रोज त्याच्याशी झगडले आणि शेवटी ते एका बोटानं लागायला लागलं. डावं दार मात्र हट्टी निघालं. बिजागरीपाशी पत्रा लवायचा, दार खाली झुकायचं. वर उचलून ढकललं तरच लागायचं. दसरा उद्यावर आला, आणि ते तसंच राहिलं.

दादा आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, उंबऱ्याकडे नजरही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केली. आवाज पोकळ आला.

"हे आबांचं न्हाई."

हवालदार सावधान उभे राहिले, खरोखरच, टाचा जुळवून. "न्हाई. दारं, मडगार्डं मी भंगारात दिली, दादा."

"मी काय सांगितलं हुतं?"

"ध्यानात न्हाई राहिलं. जुनं आधी जमा करायची सवय..."

"ह्यो आबांचा संसार हुता रं. तुझं लष्कर न्हवं."

दादांनी पिशवी खांद्याला लावली. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन दारातच थिजल्या. मग म्हणाल्या, "आवं दादा, लोणंदासनं आलायसा. बसून तरी बघा."

वहिनींचा शब्द मोडवेना म्हणून असेल. दादांनी डावं दार उघडलं, बसले, आणि हात आपसूक दाराखाली गेला. जरा उचललं, ओढलं. खट्. पहिल्या फटक्यात लागलं. आम्ही तिघं बघतच राहिलो.

दादा दाराकडं बघत होते. "आबांचं गुडघं गेलं तवा उतरताना ह्याच्यावर लोंबकळायचं. जुनं बी उचलल्याबिगर कवाच लागलं न्हाई." हवालदारांना यातलं काही माहीत नव्हतं, त्या वर्षांत ते सीमेवर होते. "पत्रा लय पातळ हाय," दादा म्हणाले. मग खांद्यावरची पिशवी पायाशी ठेवून, "चालव की. गणपतीला जाऊन येऊ. मग जेवाय बसू."

पुढं दर दसऱ्याला दादा आले. दोघं गाडीतून फिरायचे आणि पत्र्यावरून भांडायचे... जमिनीचा विषय मी तरी पुन्हा ऐकला नाही.

तेराव्याला क्लबाचे अध्यक्ष पुन्हा आले होते. गाडी 'मूळ वैभवात' आणण्याचं त्यांनी मनावर घेतलं होतं. "हात लावायचा न्हाई," दादा म्हणाले, आणि अध्यक्षांनी चहा लवकर संपवला. मंडळी पांगल्यावर दादा गाडीपाशी गेले. या खेपेला डावीकडं नाही, चालकाच्या बाजूला. दार उघडून रिकाम्या सीटकडं बघत उभे राहिले. मग सवयीनं दार उचलून लावायला गेले, तर ते चौकटीला वर आपटून परत आलं. त्यांनी पुन्हा उचललं. पुन्हा तेच.

"त्याला उचलाय नको, दादा," वहिनी मागून म्हणाल्या. "ते त्यांनी नीट बसवलंय."

दादांनी हात खाली घेतला आणि एका बोटानं दार लोटलं.