फोटोवाल्या चाचांची लांबलचक नावं

आमच्या फोटोवाल्या चाचांनी आयुष्यात एकही गोष्ट थोडक्यात केलेली नाही. मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर त्यांचा स्टुडिओ आहे, आणि तिथे पासपोर्ट फोटो काढायला निघालेला जाणता माणूस घरी सांगून निघतो, की माझ्यासाठी जेवायला थांबू नका. चाचा आधी गाव विचारतात. मग त्या गावातली आपल्या ओळखीची माणसं विचारतात, त्यांतलं कोण आजारी, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाची विहीर आटली, हे सगळं यथास्थित झालं की मग हनुवटी वर करायला लावतात. किन्हीराजा गावचा एक गडी तिथल्या दिव्यांखाली बसून बसून घामाने इतका भिजला, की शर्ट पंख्याखाली वाळवून मग फोटो काढावा लागला. तेवढ्या वेळात चाचांनी त्याच्या मेव्हण्यासाठी एक स्थळ सुचवून टाकलं.

पण त्यांचा खरा जीव फोटोपेक्षा फोटोच्या नावात अडकलेला. बाकीचे स्टुडिओवाले कॉम्प्युटरमध्ये फोटोला नंबर देतात; चाचांना ते मंजूर नाही. "माणसाले नंबर कायले द्याचा? माणूस काय मोटारसायकल हाय?" असा त्यांचा सवाल. त्यामुळे त्यांच्या फायलींची नावं 'धनजच्या लग्नातला नवरदेव फेटा डोयावर आला तरी खुश' किंवा 'मास्तर केस कालच रंगवले संगं कान बी रंगले' अशी असतात. हे मास्तर ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन शाळेत गेले आणि साऱ्या स्टाफसमोर उघडायला बसले. पुढे बरेच दिवस ते बसस्टँडला मागच्या रस्त्यानं जात. एका मुलीचा स्थळासाठी काढलेला फोटो तर 'पोरगी गुणी हाय रागात दिसते कारण मायनं बयजबरी आणली' या नावानिशी थेट मुलाकडच्यांना पोचला. मुलीच्या घरी रडारड झाली. मुलाच्या आईने मात्र निरोप धाडला, की इतकं खरं बोलणारं घर शोधून सापडायचं नाही, आणि लग्न जमलं. त्या लग्नात चाचा फोटो काढायचे सोडून व्याह्यासारखे मिरवत होते.

एकाच बाबतीत त्यांचं आणि कॉम्प्युटरचं बिनसलेलं आहे. एका पुढाऱ्याच्या फोटोला ते 'हा खरंच हसून राह्यला का?' असं नाव द्यायला गेले, तर कॉम्प्युटरने प्रश्नचिन्ह घ्यायला साफ नकार दिला. नावात हे चिन्ह चालत नाही, म्हणे. "याले सवाल चालत नाही," चाचांनी निदान केलं, "सरकारी दिसते."

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते आणि चाचांचे जिवाचे दोस्त. समोरचा दात तुटल्यापासून बाबा फोटोत ओठ घट्ट मिटून उभे राहायचे, कोणी कितीही गुदगुल्या केल्या तरी. चाचांनी एकदा कॅमेरा बिघडल्याची थाप मारली, बाबा त्यांच्या फजितीवर खदखदून हसले आणि चाचांनी तेवढ्यात बटण दाबलं. बाबा हसताहेत असा जगातला तो एकुलता एक फोटो, आणि तो चाचांच्या कॉम्प्युटरमध्ये. मागल्या वर्षी बाबा गेले. पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला हार कुठल्या फोटोला घालायचा म्हणून घर धुंडाळलं, तर निघाला तो ओळखपत्रावरचा. माय त्याच्याकडे पाहून म्हणाली, की हा माणूस तिकीट मागून राह्यला, मले माझा माणूस पायजे. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, म्हणून तिला घेऊन मी स्टुडिओ गाठला.

चाचांनी छपाईचा प्रोग्राम सुरू केला, फाईल निवडायची खिडकी उघडली. बाबांचं स्वतंत्र फोल्डर होतं आणि त्यात तो फोटो पूर्ण नावानिशी समोर दिसत होता: 'दोस्त पहिल्यांदा दात दाखवून हसला त्याले वाटलं कॅमेरा बंद हाय'. चाचांनी त्यावर क्लिक केलं. खिडकीने कळवलं, की अशी फाईल सापडत नाही. चाचांनी पुन्हा क्लिक केलं, मग बोटाने पडद्यावर ठोकून फाईल त्या खिडकीला दाखवून दिली, शेवटी मायला साक्षीला उभं केलं. "भाभी, तुमाले दिसून राह्यली, मले दिसून राह्यली. यालेच काहून नाही दिसत?" फाईलचं नाव बदलून पाहिलं, ती दुसरीकडे हलवून पाहिली, कशालाच दाद नाही. फोटो कायमचा गेला असं मला वाटायला लागलं. मायने पदर तोंडाला लावला आणि चाचांची बडबड थांबली. ती थांबलेली मी तोवर कधी ऐकली नव्हती.

मी पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या भाचीला फोन लावला. तिने आधी धीर दिला, की फोटो शाबूत आहे. कॉम्प्युटर नुसतं फाईलचं नाव मोजत नाही, ती ज्या फोल्डरांत आहे त्यांचीही नावं धरून अख्खा पत्ता मोजतो. पत्ता ठरावीक लांबीपुढे गेला, की ती खिडकी फाईल दाखवते, पण फाईलपर्यंत खिडकीचा हात पोचत नाही. मग तिने विचारलं, फोटो ठेवल्यानंतर कोणी फोल्डरचं नाव वाढवलं का?

मी तेच विचारलं, तसं चाचांनी फोल्डरच्या नावावर बोट ठेवलं. वाढवलं होतं. आधी तिथे नुसतं 'आपला दोस्त एसटीवाला' होतं. बाबा गेल्यावर चाचांनी त्याला जोडलं होतं: 'जो न सांगता गेला अन् मी दवाखान्यात पोचलो तं चादर ओढली होती अन् आता दुकानात दिवसभर लोक येतात पण बोलाले कोणी नाही'. मायने चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

"हे मिटवलं तं मी लिवू कुठं?" चाचांनी तिला विचारलं.

"लिवता कायले, भाऊ," माय म्हणाली. "मले येऊन सांगत जा."

चाचा शेवटाकडून एकेक अक्षर खोडत मागे आले. बोलाले कोणी नाही हे गेलं, दुकान गेलं, चादर गेली, दवाखाना गेला. 'जो न सांगता गेला' एवढं उरलं तेव्हा त्यांचं बोट थबकलं. मायने मान हलवली आणि तेही गेलं. मग त्यांनी क्लिक केलं, आणि बाबा पडदाभर हसले, तुटक्या दातासकट.

फोल्डरचं नाव त्यांनी पुन्हा वाढवलेलं नाही. दर रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे येतात, मायसमोर खुर्ची ओढून बसतात आणि बाबांची एखादी गोष्ट काढतात. डेपोतली, बाजारातली, काही तर उघड थापा असतात. मी आतल्या खोलीत असतो. बाबांना तरुणपणी ओळखणारं आता या दोघांखेरीज कोणी राहिलेलं नाही. मधेच मायचं हसणं ऐकू येतं, आणि मला वाटतं, ही गोष्ट चाचांनी अशीच लांबवत राहावी.