मागे बंद

शिवणखात्यात तिला सगळे टाकेमावशी म्हणत. बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवल्यावर सिनेमाच्या कपड्यांचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं, तेही महिन्याभराच्या बोलीवर. हात पसंत पडला तर कायम, नाहीतर परत तेच निळे फ्रॉक.

सिनेमा होता यंत्राच्या बाईचा. एका शास्त्रज्ञाने घडवलेली, माणसासारखा विचार करणारी बाई. तिचा पांढरा झगा शिवायचा होता. वेशभूषेच्या मॅडमनी चित्र हातात ठेवलं. समोरून अगदी कोरा झगा, आणि खाली दोनच शब्द: ‘मागे बंद’.

मावशीने वाचलं, पाठ बंद. म्हणजे उघडायचं पुढून. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. घरी सासूबाईंचा उजवा हात सहा वर्षांपासून लुळा, त्यांचे झगे ती तसेच शिवायची. पुढे पट्टीखाली लपवलेली गाठ, डाव्या हाताने ओढली की सुटणारी. कारण सासूबाईंचा हेका एकच, "माझं मी घालीन. मी काय बाहुली आहे?" हाही झगा तिने तसाच शिवला.

शूटिंगच्या दिवशी मॅडमनी झगा उलटापालटा केला.

"मावशी, बंद कुठायत?"

"आहे की बंद. पाठीला एक फट दाखवा."

"अहो, बंद म्हणजे नाड्या! मागे नाड्या हव्या होत्या! चित्रीकरण तासावर आलंय!"

इस्त्रीवाला फिस्सकन हसला. मावशीच्या डोळ्यांसमोर निळ्या फ्रॉकांची चवड उभी राहिली. "उसवते, आत्ता उसवते," म्हणत तिने कात्री शोधायला घेतली आणि वळून बघते तो झगा जागेवर नाही. पडद्याआडून नायिका तो घालूनच बाहेर आली.

"आज कपडे चढवायला कोणाला हाका माराव्या लागल्या नाहीत," ती खुशीत म्हणाली.

तिला न्यायला आलेले दिग्दर्शक दारातच थांबले होते. त्यांनी मॅडमना विचारलं, "मागे नाड्या का ठरवल्या होत्या आपण?"

"तो शास्त्रज्ञ रोज सकाळी बांधणार, संध्याकाळी सोडणार. सत्ता त्याच्या हातात, हे न बोलता दिसायला हवं ना."

"मावशी, तुमचं काय म्हणणं?"

मावशी चपापली. कात्री पदराआड धरून म्हणाली, "मला सिनेमातलं काही कळत नाही, साहेब. पण जगातली सगळी गणितं येणाऱ्या बाईला स्वतःची गाठ सुटणार नाही होय? सुटत असेल. ती आपली त्याला बांधू देत असेल."

दिग्दर्शकांनी नायिकेभोवती एक फेरी मारून झगा मागून-पुढून पाहिला.

"मागे नाड्या लावा," ते म्हणाले, "पण नुसत्या दिखाव्याच्या. पुढचं आहे तसंच राहू दे. सिनेमाभर तो बांधत बसेल. शेवटी त्याच्यासमोर ती पुढची गाठ ओढेल, झगा खाली टाकेल आणि आतल्या साध्या कपड्यांत दाराबाहेर निघून जाईल."

चाळीस मिनिटांत नाड्या लागल्या. मॅडमनी एकेक ओढून पाहिली आणि पुटपुटल्या, "पुढच्या वेळी सरळ ‘नाड्या’ असंच लिहीन बाई."

बाकी सगळं मावशीने बाजूला ठेवलं. ‘पुढच्या वेळी’ तेवढं घट्ट धरून घरी आली.

सासूबाईंनी सगळी हकीगत ऐकली, डाव्या हाताने आपल्या झग्याची पट्टी सारखी केली आणि म्हणाल्या, "माझा झगा सिनेमात गेला, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही!"